सामाईक यंत्रांची वंशावळ

नॅनोतंत्रज्ञानाच्या सामाईक प्रयोगशाळांच्या राष्ट्रीय जाळ्याची गोष्ट बहुतेक जण जानेवारी 2000 पासून सांगतात. तेव्हा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कॅलटेकमध्ये अमेरिकेचा नॅनोतंत्रज्ञान उपक्रम जाहीर केला. माझ्या मते या जाळ्याचं मूळ 1977 सालच्या कॉर्नेल विद्यापीठात आहे.

त्या काळी इलेक्ट्रॉनिकीची धडपड एक मायक्रॉनच्या खाली उतरण्याची होती. माणसाचा केसच साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. इतकं बारीक कोरायचं तर इलेक्ट्रॉन शलाकेचं यंत्र हवं, धूळ गाळलेल्या हवेची क्लीनरूम हवी आणि ती सांभाळणारे मुरलेले तंत्रज्ञ हवेत. उद्योगातल्या बेल लॅब्ज, आयबीएम यांना हे परवडत होतं. एखाद्या प्राध्यापकाच्या अनुदानात ते बसणं शक्यच नव्हतं. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने कॉर्नेलमध्ये राष्ट्रीय सुविधा उभारली. यंत्रं कॉर्नेलच्या आवारात, पण बाहेरच्या संशोधकांनाही ती वापरता येणार! मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय हाच वाटतो.

1994 मध्ये कॉर्नेलसोबत स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांता बार्बरा, पेन स्टेट आणि हॉवर्ड विद्यापीठ एका जाळ्यात जोडलं गेलं. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची मोठी परंपरा असलेलं विद्यापीठ. त्याचा समावेश मला फार मोलाचा वाटतो. 2004 मध्ये या पाचांच्या जागी अधिक विस्तृत जाळं आलं आणि 2015 मध्ये 16 केंद्रांचं.

भारतात 2001 मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने पुढाकार घेतला. 2007 मध्ये पाच वर्षांसाठी 1000 कोटी रुपयांचं नॅनो मिशन मंजूर झालं, रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव त्याचे धुरीण. पण कॉर्नेलशी खरं नातं सांगतात ती माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उभी राहिलेली नॅनोइलेक्ट्रॉनिकी केंद्रं. त्यांची दारं वापरकर्ता कार्यक्रमाने देशभरातल्या महाविद्यालयांना उघडली. बाहेरच्या विद्यार्थ्याने प्रस्ताव द्यायचा, प्रशिक्षण घ्यायचं आणि आयआयटी मुंबईच्या पवईतल्या क्लीनरूममध्ये आपलं उपकरण घडवायचं. पुढे दिल्ली, खरगपूर, मद्रास आणि गुवाहाटीच्या आयआयटीही यात आल्या. गुवाहाटीमुळे ईशान्येतल्या संशोधकांना अशी क्लीनरूम त्यांच्याच भागात मिळाली.