साष्टीच्या ब्राह्मणानें मागितलेलें पुराण

चातुर्मासांत देवळांत पुराण लागलें, कीं आपल्या आजीबाई वाती वळीत खांबाशीं बसायच्या. सांगितलेलें सारेंच त्यांना कळत असेल असें नाहीं. पण देवाची कथा आपल्या बोलींत कानावर पडते, एवढें सुख त्यांना पुरे होतें. हें सुख एकाएकीं हिरावलें गेलें तर?

गोव्याच्या साष्टी प्रांतांत तसें घडलें. १५६७ सालीं पोर्तुगिजांनीं तेथलीं देवळें पाडलीं. कांहीं लोक ख्रिस्ती झाले, कांहीं केले गेले. जुन्या पोथ्यांना बंदी आली आणि नव्या देवळांतली मिस्सा लॅटिनमध्यें होऊं लागली. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांना ठार मारलें. पोर्तुगिजांनीं गांवच्या म्होरक्यांना मारून त्याचा सूड घेतला.

याच साष्टींत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री राहिला. तो १५७९ सालीं गोव्यास आला व मराठी आणि कोंकणी शिकला. आपल्या ग्रंथाच्या आरंभीं त्यानें एक प्रसंग सांगितला आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो, कीं आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांला कां देत नाहीं? प्रश्न नम्र आहे. पण त्यांतली वेदना लपत नाहीं.

उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ जन्मलें. १६१६ सालीं तें राचोलला रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणांत जुना करार, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. रत्न, फूल, कस्तुरी, मोर अशा उपमा देऊन या परक्या माणसानें मराठीचा गौरव केला. देवळांतून तें पुराण वाचलें जाऊं लागलें.

बायबलांत पेंटेकॉस्टच्या दिवसाची कथा आहे. देशोदेशींचे लोक यरुशलेमांत जमलेले असतात आणि प्रत्येकाला देवाचीं महत्कृत्यें स्वतःच्या भाषेंत ऐकूं येतात. आधीं आमची भाषा शिका, असें त्यांना कुणी म्हणत नाहीं. दुसरी कथा विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची. भजन या डोंगरावर करावें कीं यरुशलेमांत, हा तिचा प्रश्न. येशू तिला सांगतो, कीं खरें भजन स्थळावर नव्हे, अंतःकरणाच्या सत्यावर उभें असतें. देवळें पाडणाऱ्यांच्या हातीं हाच ग्रंथ होता, हें मनाला लागून राहतें. स्टीफन्सच्या ओव्यांनीं पडलेलें देऊळ उभें राहिलें नाहीं. पण मुकी झालेली भक्ती बोलूं लागली.

पुढें १६८४ सालीं व्हाइसरॉयनें लोकांची बोली सोडविण्याचा हुकूम काढला. तोंवर पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. पण त्या जुन्या छापील प्रती आज हातीं लागत नाहींत. ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांतून. त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनीं तो पुन्हा छापला. रोमच्या चर्चनें मिस्सेंत लोकभाषेला वाट दिली ती १९६३ सालीं, व्हॅटिकनच्या परिषदेंत.

त्या ब्राह्मणाचें नांव कुणाला ठाऊक नाहीं. त्याचा प्रश्न मात्र धर्म कोणताहि असो, आपल्या ओळखीचा आहे. यंदा देवापुढें पणती लावतांना, ज्या शब्दांनीं आपण हात जोडतों ते आपल्या आईचे शब्द आहेत, एवढें जरी आठवलें, तरी त्याचा प्रश्न आपल्यापर्यंत पोंचला असें होईल.