पीजीपीची शब्दावली
फिलिप झिमरमन यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली 'पीजीपी' ही कूटलेखनाची संगणकप्रणाली सुविख्यात आहे. तिच्या शब्दावलीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. कूटलेखन कितीही अभेद्य असो, हाती आलेली किल्ली इष्ट व्यक्तीचीच आहे, मध्ये शिरलेल्या तिऱ्हाइताची नव्हे, हे ठरवावे कसे? दूरध्वनीवर किल्लीची अंकाक्षरे वाचताना चूक सहज होते. यास्तव १९९५ मध्ये झिमरमन व भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिक जुओला यांनी प्रत्येकी २५६ इंग्रजी शब्दांच्या दोन याद्या रचिल्या. एकीतील शब्द उच्चारात दोन अक्षरांचे ('आर्डव्हार्क'), दुसरीतील तीन अक्षरांचे ('अड्रॉइटनेस'); ते आळीपाळीने वाचावयाचे. एखादा शब्द गळाला, दोनदा आला वा शेजाऱ्याशी अदलाबदल झाली, की लय मोडते व चूक कानालाच कळते. वैदिकांच्या पाठपद्धतीचे स्मरण व्हावे, अशी ही योजना! अर्थात इंग्रजी उच्चार न सरावलेल्या कानास ती फारशी उपयोगी नाही.