इंग्लंडचे दीर्घधनुष्य : शस्त्र आणि सराव

क्रेसी (१३४६) व अ‍ॅजिन्कोर्ट (१४१५) येथील इंग्रजांच्या विजयांचे श्रेय बहुधा त्यांच्या दीर्घधनुष्याला दिले जाते. हे धनुष्य म्हणजे यू वृक्षाचा पुरुषभर उंचीचा एकच दांडा होय. त्याच्या पाठीकडील कोवळे काष्ठ ताण सोसते, पोटाकडील जून गाभा दाब सोसतो. रचना इतकी साधी असता हे शस्त्र अन्यत्र तितके का रुजले नाही?

याचे उत्तर सरावात शोधावे लागते. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सणावारी धनुर्विद्येचा अभ्यास प्रजेस सक्तीचा केला. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील शंभराहून अधिक अखंड धनुष्यांपैकी बहुतेक ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक बळ लागत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. असे बळ प्रौढपणी एकाएकी येत नाही.

१५४५ मध्येच रॉजर अ‍ॅशमने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरील ग्रंथ लॅटिनऐवजी इंग्रजीत लिहिला. विद्वानांची भाषा सोडून सामान्यजनांस सरावाचा आग्रह करावा लागावा, यातच त्या सरावाची ओहोटी दिसते. धनुर्धर घडण्यास तप लागे, बंदूकधारी मात्र अल्पावधीत तयार होई. सारांश, दीर्घधनुष्य मागे पडले ते केवळ बंदुकीच्या माऱ्याने नव्हे. त्यामागील लोकाभ्यास आधीच क्षीण होत होता.