घुमट नसलेली मशीद

भिलाईजवळच्या जामुलमधून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतो आहे. आज विषय मशिदीच्या बांधणीचा आहे. क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक मशीद आणा. बहुतेकांना घुमट दिसला असेल, शेजारी एक-दोन मिनार. मी आज ज्या मशिदींबद्दल सांगणार आहे त्यांना घुमट नाही. त्यांना छप्पर आहे, उतरतं आणि कौलारू, कोकणातल्या घरासारखं.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो. आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. वडील पोलाद कारखान्याच्या कामासाठी भिलाईला आले, माझी नोकरी इथेच जामुलला सिमेंटच्या कारखान्यात झाली. लहानपणी मे महिन्यात गावी जायचो, तेव्हा खाडीच्या काठी एक मशीद होती. जांभ्याच्या भिंती, पुढे ओसरी, वर कौलं. आमचं घर आणि ती मशीद एकाच सुताराने बांधली असावी असं मला वाटायचं. शेजारी हौद नसता आणि आत मिहराब नसता, तर नवख्या माणसाला ते कुणाचं तरी ऐसपैस घरच वाटलं असतं.

अशा बांधणीचा जुना नमुना बघायचा असेल तर गोव्यात फोंड्याला जा. शहराला लागूनच साफा मशीद आहे. ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि बांधणीचं साल 1560 दिलं जातं. बांधणारा कुठे इब्राहिम आदिलशाह लिहिलेला सापडतो, कुठे अली आदिलशाह. विजापूरचा पहिला इब्राहिम 1558 मध्ये वारला आणि त्याच्या जागी अली आला. म्हणजे 1560 हे साल धरलं तर बांधणी अलीच्या कारकिर्दीतली ठरते.

आता वास्तू बघू. उंच जोतं, त्यावर एकच लांबट दालन, भिंतींत कमानी, वर लाकडी वाशांवर उतरतं कौलारू छप्पर. भोवती जांभ्याचे अष्टकोनी खांब उभे आहेत, पण त्यांच्या डोक्यावर काहीच नाही. एके काळी तिथे ओसरी असावी असं त्यावरून वाटतं. शेजारी पायऱ्यांची मोठी चौकोनी तळी आहे, आणि तिच्या भिंतींत छोट्या छोट्या कमानी कोरल्यासारख्या दिसतात. त्याच आदिलशाहीने पुढच्या शतकात विजापूरला गोलघुमट बांधला. घुमट कसा बांधायचा ते या लोकांना पक्कं माहीत होतं. मग फोंड्याला छप्पर का?

उत्तर पावसात आहे. आमच्या भिलाईत वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात तो 3000 च्या आसपास जातो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभा हा सच्छिद्र दगड. त्याच्या भिंतीवर पाणी सतत आपटत राहिलं तर ती ओल धरते. म्हणून छप्पर उतरतं हवं, वळचण भिंतीच्या बरीच बाहेर यायला हवी. सुताराला हे गणित घरावरून ठाऊक होतं, देवळावरूनही ठाऊक होतं. तेच त्याने मशिदीला लावलं.

1560 हे साल मात्र अजून सोडू नका. गोव्याच्या इतिहासात ते फार जड साल आहे. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. आणि मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून फोंड्याच्या बाजूला प्रियोळला हलवलं, तेही 1560 मध्येच, अशी नोंद सांगितली जाते. केळोशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला आली. पोर्तुगीज मुलखात देवळं पाडली जात होती, आणि नदीपलीकडचा फोंडा आदिलशाहीत होता. म्हणजे ज्या सुमारास साफा मशीद उभी राहत होती, त्याच सुमारास त्याच टापूत आपली देवं आसरा शोधत येत होती. फोंडा पुढे 1675 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, आणि पोर्तुगीजांच्या हातात तो पडला 1763 मध्ये. या दोनशे वर्षांच्या फरकामुळे तिथे मंगेशीही राहिली आणि साफा मशीदही राहिली. मंगेशीला जाणाऱ्या मराठी माणसांनी पुढे फोंड्यापर्यंत जाऊन ही मशीदही बघावी, असं मला म्हणूनच वाटतं. दोन्हींचा इतिहास एकमेकांत अडकलेला आहे.

आता समुद्र ओलांडू. कारण ज्या अल्फोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानेच पुढच्या वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का घेतलं. आजच्या मलेशियातलं हे बंदर. तिथे सुलतानाची मोठी मशीद होती. ती पाडून तिचे दगड किल्ल्याला वापरले असं इतिहासकार सांगतात. 1510 च्या सुरुवातीला कालिकतवर हल्ला झाला तेव्हा तिथली मिश्काल मशीदही जळाली होती. ती नंतर दुरुस्त झाली, आजही उभी आहे: अनेक मजल्यांची, लाकडी खांबांची, कौलारू छपराची. तिलाही घुमट नाही.

मलाक्काची ती मशीद गेली, पण मलय गावांतली मशीद बांधण्याची रीत टिकली. ती रीत अशी. चौकोनी दालन. मध्ये चार मुख्य खांब. त्यांवर चौपाखी छप्पर, आणि त्या छपरावर आणखी एक लहान छप्पर, कधी त्याच्यावर तिसरं. छत्रीवर छत्री धरावी तसं. दोन छपरांच्या मधल्या फटीतून गरम हवा बाहेर पडते आणि उजेड आत येतो, पाणी मात्र येत नाही. नदीकाठी असेल तर सगळी इमारत खांबांवर उचललेली. भोवती ओसरी, वझूसाठी पाण्याचा हौद. नमाजाची वेळ कळवायला पुष्कळ ठिकाणी मोठा नगारा असायचा. तीन छपरांचा अर्थ कुणी श्रद्धेच्या तीन पायऱ्या असा लावतात, तर कुणाला त्यात आपल्या मेरू पर्वताची जुनी आठवण दिसते.

केलांतान प्रांतातली काम्पुंग लाउतची मशीद ही मलेशियातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक मानतात. तीन छपरांची, चेंगाल नावाच्या कठीण लाकडाची. मूळ बांधणीत लोखंडी खिळे नव्हते, सगळे सांधे खाचेत खाच बसवून. साठच्या दशकात नदीच्या पुरांनी तिचं बरंच नुकसान केलं. तेव्हा तिथल्या इतिहासप्रेमींनी ती सगळी सुटी केली आणि नीलम पुरी नावाच्या गावी पुन्हा जोडून उभी केली. खाचा होत्या म्हणूनच हे जमलं. सिमेंटचा स्लॅब असा सुटा करता येत नाही, हे मी सिमेंटवाला म्हणून सांगतो.

मग मलेशियात घुमट आले कधी? तिथेच खरी गंमत आहे. क्वालालंपूरची प्रसिद्ध जामेक मशीद 1909 मध्ये उघडली. तिचा आराखडा आर्थर बेनिसन हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाचा, आणि शैली भारतातल्या मोगल इमारतींवरून घेतलेली. म्हणजे मशिदीला घुमट हवाच, ही समजूत तिथे पक्की व्हायला इंग्रजी राजवटीचाही हातभार लागला. धर्माची तशी अट कधीच नव्हती. मदिनेतल्या पैगंबरांच्या पहिल्या मशिदीचे खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि वर झावळ्यांचं छप्पर होतं. जिथे जे मिळतं, तिथे त्याचं बांधलं.

काही वर्षांपूर्वी मी गावी गेलो, तेव्हा खाडीकाठची आमची मशीद दिसेना. त्या जागी स्लॅबची नवी इमारत होती, वर हिरवा घुमट. मला वाईट वाटलं, आणि तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना मी तसं बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, वाशांना वाळवी लागली. दर पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस कुठून आणायचा? पोरं सगळी मुंबईला आणि आखातात. आणि तुमच्या घरावर काय आहे?"

आमच्या घरावरही स्लॅब होता. तो मीच टाकून घेतला होता, अगदी याच कारणांसाठी. मी गप्प बसलो.

म्हणून आज मी कुणाला दोष देत नाही. सोय ही खरी गरज आहे, आणि गळक्या छपराखाली बसून इतिहास जपा असं कुणाला सांगता येत नाही. पण छप्पर बदललं की एक पुरावाही जातो. कोकणात, गोव्यात, केरळात आणि मलय मुलखात हा धर्म मुख्यतः जहाजांतून, व्यापाऱ्यांबरोबर आला, आणि गावच्या सुताराच्या हाताखाली गावचाच झाला, हे त्या कौलांवरून दिसायचं. घुमटावरून ते दिसत नाही.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या गावात कौलारू मशीद, देऊळ, चर्च, काहीही जुनं उभं असेल, तर ते उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. खांब किती, ओसरी किती हात, वासे कसल्या लाकडाचे, हे वहीत लिहून ठेवा. गावातल्या जुन्या सुताराला बोलतं करा. मी आमच्या मशिदीचं हे केलं नाही. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.