सर्च इंजिनचा बाजारहिस्सा म्हणजे काय? आपण शोधतो ते गूगलवरच का?

नरसोबाच्या वाडीला दर्शनाला आलेला माणूस मोबाईलवर 'कुरुंदवाड जेवण' असं टाकतो. वर दिसलेल्या दोन-तीन नावांपैकी एकाकडे तो जातो. जी खानावळ यादीत दिसलीच नाही, तिचं गिऱ्हाईक गेलं. ही यादी कोण ठरवतं? सर्च इंजिन. म्हणूनच त्यांच्यातली स्पर्धा आपल्या गावापर्यंत पोहोचते.

बाजारहिस्सा म्हणजे काय?
एकूण शोधांपैकी किती टक्के शोध एका इंजिनावर होतात, तो त्याचा बाजारहिस्सा. भारतात गूगलचा हिस्सा ९५ टक्क्यांहून जास्त आहे. उरलेल्यात बिंग, डकडकगो वगैरे. त्यातही डकडकगो आपले बरेचसे निकाल बिंगकडूनच घेतं. म्हणजे खरे स्पर्धक आणखी कमी.

एवढा हिस्सा कसा?
गूगल चांगलं चालतं, हे एक कारण. दुसरं कारण 'डीफॉल्ट', म्हणजे फोनमध्ये आधीच बसवून दिलेली निवड. बहुतेक लोक ती बदलत नाहीत. ही जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ मध्ये ॲपल, सॅमसंग अशा कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले, असं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही बेकायदा मक्तेदारी ठरवली.

भारतात काय झालं?
भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला. विमानप्रवास शोधताना गूगल स्वतःच्या सेवेला ठळक जागा देतं, हा त्यातला एक ठपका होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटींचा दंड झाला. त्यानंतर नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायची सोय देऊ, असं गूगलने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं.

आपण काय करायचं?
क्रोममध्ये तीन टिंबांवर दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'सर्च इंजिन' उघडा. तिथं दुसरं निवडता येतं, नाही आवडलं तर परत बदलता येतं. दुकान असेल तर त्याचं नाव गूगल आणि बिंग दोन्हीकडे शोधून बघा, मराठीत आणि इंग्रजीतही. एकीकडे दिसत नसाल, तर तिथं नोंद करा. दोन्ही ठिकाणी ती फुकट होते.