उकिरडा आणि कचरा-डेपो : कोल्हापूरच्या भूमीच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

समाजाचा भूमीशी असलेला संबंध त्याच्या शब्दसंग्रहात उमटलेला असतो. 'उकिरडा' हा मराठी शब्द या दृष्टीने विचारार्ह होय. त्याचे नाते प्राकृतातील 'उक्कुरुड' या शब्दाशी असून गुजरातीत तोच 'उकरडो' या रूपाने नांदतो. घरातील केर, चुलीतील राख, गोठ्यातील शेण व खरकटे या ढिगात पडे आणि यथाकाल त्याचे खत होऊन शेतात जाई. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' या म्हणीत काळ हा उकिरड्याचा उपकारकर्ता मानला आहे. मैल्याच्या खतास 'सोनखत' म्हणणाऱ्या भाषेनेही हीच श्रद्धा प्रकट केली आहे.

या श्रद्धेस शास्त्रीय आधारही मिळाला. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी टाकाऊ द्रव्यांपासून खत करण्याची पद्धती सिद्ध केली आणि 1931 मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. मात्र तिच्या मुळाशी एक अट गृहीत होती : ढिगात पडणारी द्रव्ये कुजणारी असली पाहिजेत. ही अट नेमकी कोठे मोडली, हे पाहावयाचे झाल्यास कोल्हापूरचे उदाहरण उद्बोधक ठरते.

कोल्हापुरात नगरपालिका 1854 मध्ये स्थापन झाली व 1972 मध्ये तिची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 5 लाख 49 हजार भरली. वाढत्या शहराचा कचरा उत्तरेस कसबा बावडा येथील लाइन बाजार परिसरात साठत गेला; लोकव्यवहारात ती जागा 'झूम' या नावाने ओळखली जाते. अशा जागेस कोणी 'उकिरडा' म्हणत नाही, 'कचरा-डेपो' म्हणतात. उकिरडा घराचा असे. त्याच्या खतावर घरधन्याचे लक्ष असे. डेपोस असा धनी नाही.

शब्दाबरोबर ढिगाचे घटकही पालटले. शहरी कचऱ्यात प्लास्टिक, बॅटरीचे सेल, रंगांचे डबे, ट्यूबलाइट यांचा शिरकाव झाला. त्यांतील शिसे, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्ये असल्यामुळे ती कुजून नाहीशी होत नाहीत. ओला कचरा कुजताना प्रारंभी आम्लता वाढते, धातू पाण्यात विरघळतात आणि ते काळे पाणी जमिनीत झिरपते. पंचगंगेच्या खोऱ्यातील काळी चिकण माती धातूंचे कण धरून ठेवते. त्यामुळे भूजलाचे काही अंशी रक्षण होते, पण माती स्वतः दूषित होत जाते. शिवाय उन्हाळ्यात अशा मातीस खोल भेगा पडतात व पहिल्या पावसाचे पाणी त्या वाटांनी थेट खाली उतरते. पंचगंगेस 2005, 2019 व 2021 मध्ये मोठे पूर आले. अशा पुरात नदीकाठच्या ढिगांतील द्रव्ये उसाच्या रानांपर्यंत पसरण्याचा संभव असतो.

कायद्याने या स्थित्यंतराची दखल उशिरा घेतली. नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम 2000 साली झाले. 2016 च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण कचरा निर्माण करणाऱ्यावरच सोपविले. शहरी कचऱ्याच्या खतात प्रतिकिलो शिसे 100 मिलिग्रॅमहून व कॅडमियम 5 मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी मर्यादाही त्यांत होती. पूर्वी ज्या खताच्या गुणाची ग्वाही म्हण देत होती, त्याची परीक्षा आता प्रयोगशाळेत करावी लागते.

याचा अर्थ जुना व्यवहार कालबाह्य झाला असा नव्हे. कुजणारे द्रव्य वेगळे राखले, तर काळ आजही त्याचे खत करतो. मिश्र ढिगाच्या बाबतीत मात्र बारा वर्षे लोटली तरी शिसे शिसेच राहते. म्हणून असा जुना ढीग उपसून त्यातील माती शेतास देण्यापूर्वी तिची तपासणी होणे अगत्याचे आहे. अन्यथा उकिरड्याचे पांग फिटण्याऐवजी शेताचेच पांग वाढतील.