निधिसंकलनाचे नियोजन : आवाहनापूर्वीचे काम

किती रक्कम, कोणत्या कामासाठी, कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या मार्गाने जमवायची, हे देणग्यांचे आवाहन करण्यापूर्वी ठरविणे म्हणजे निधिसंकलनाचे नियोजन. परदेशस्थ मराठी मंडळांच्या दृष्टीने यांतील मार्गाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आणि बहुधा तोच सर्वांत उशिरा विचारला जातो.

पुराच्या बातमीने व्यथित होऊन अमेरिकेतील एखाद्या मंडळाने महाराष्ट्रातील संस्थेसाठी रक्कम जमविली, असे समजू. परदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, 2010 अन्वये त्या संस्थेची नोंदणी किंवा तिला पूर्वपरवानगी नसेल, तर ती रक्कम तिला स्वीकारताच येत नाही. नोंदणी असली, तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर निधी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. तो दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेकडे पैसे पाठवावेत आणि तिने ते गावातील लहान संस्थेला द्यावेत, हा पूर्वीचा सोयीचा मार्ग त्यामुळे बंद झाला. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. ती कधी संपते, हे विचारण्यात संकोच नसावा.

दात्याचे नागरिकत्वही पाहावे लागते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नागरिकाने वैयक्तिक बचतीतून, नेहमीच्या बँकव्यवहाराने थेट दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो वा नसो. मंडळाच्या परदेशी खात्यातून गेलेली रक्कम तर सर्वस्वी परदेशीच.

करसवलतीचे नियम देशागणिक निराळे आहेत. अमेरिकेत 250 डॉलर वा अधिक देणगीवर वजावट मागायची, तर संस्थेची लेखी पोच लागते. ब्रिटनमध्ये तेथे प्राप्तिकर भरणाऱ्या दात्याने ‘गिफ्ट एड’चे घोषणापत्र दिले, तर प्रत्येक पौंडामागे 25 पेन्स संस्थेला सरकारकडून मिळतात. हा अर्ज भरून घ्यायचे राहून गेल्याने हातची रक्कम सुटते, हे खेदाचे.

दिवाळीच्या एका स्नेहभोजनातून मोठी रक्कम उभी राहते, हे खरे. परंतु शाळेला शिक्षकांचे वेतन दरमहा द्यावे लागते. लोकमान्य टिळकांच्या काळात ‘पैसा फंडा’ने एकेक पैसा गोळा करून तळेगावचा काच कारखाना उभा केला. दरमहा 20 डॉलर देणारे 50 सभासद मिळाले, तर वर्षाला 12,000 डॉलर जमतात. आणि ती रक्कम अंदाजपत्रकात आधीच लिहिता येते.